आल्यागेल्याची ओंजळ

८ जानेवारी, गुरुवार

सुरभे, ही वही उघडलीस म्हणजे पुन्हा विसरलीस. मला ठाऊकच होतं. ज्या पोरीनं स्वतःच्या साखरपुड्याची अंगठी तांदळाच्या डब्यात ठेवली आणि मग घरभर चोर शोधला, तिच्या डोक्यात माझ्या भाजीचं माप टिकेल असं मानायला मी काय आज जन्मले नाही. म्हणून लिहवून ठेवते. मी बोलते, तुझी आई लिहिते. मला अक्षर येत नाही. आकडे येतात, तेही नोटांवरचे.

कशासाठी लिहवते ते पण लिही गो रोहिणी, नायतर ही तेसुद्धा विसरेल. तर, सुरभीनं रोह्याला सासरच्या पडवीत खानावळ काढली. आता तिला एका कंपनीच्या कँटीनला जेवण द्यायचं काम मिळू घातलंय. मिळालं नाही, मिळू घातलंय. तीन बुधवार पन्नास माणसांना भाजी करून घालायची, पसंत पडली तर वर्षाचं काम. कँटीन बघणारी किमया मॅडम म्हणून कोणी आहे, तिला प्रत्येक भाजी ग्रॅममध्ये लिहून हवी. का, तर रोज चव तीच लागली पाहिजे.

सुरभीचा फोन : "आजी, माठाच्या भाजीला किती माठ?"

"टोपलीभर."

"टोपली म्हणजे किती?"

"टोपली म्हणजे टोपली. काय सूप सांगितलं का मी?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला पाठव. सुजय आला तो वजनाचा काटा घेऊन. पाटासारखा पांढरा, चपटा, वर काच. काही ठेवलं की लगेच आकडा बोलतो आणि जरा हात लावला नाही की झोपतो. माझा चुलत दीर मोरू अगदी असाच होता. म्हणून काट्याचं नाव मोरू.

(आई 'नाय' म्हणतात, मी 'नाही' लिहिते. त्यावरून आमचं आत्ताच भांडण झालं. ठरलं असं, की माणसं बोलतील तिथे नाय, बाकी ठिकाणी माझं शाळेचं. — रोहिणी)

९ जानेवारी, शुक्रवार

आज मोरूचा पहिला दिवस. रोहिणी पेणला गणपतीच्या कारखान्यात गेली. माघी गणपती जवळ आले, तिच्याकडे डोळे आखायचं काम, त्यामुळे तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. म्हटलं, आपणच उरकू. परसातला लाल माठ काढला, धुतला, टोपली भरली, टोपली मोरूवर ठेवली. मोरूनं आकडा दाखवला. पण तसली नोट मी कधी बघितलेली नव्हती. पाचशेची असती तर ओळखली असती. मग काय, टोपली तशीच ठेवली आणि रोहिणीची वाट बघत बसले. मोरू झोपला. मीही झोपले.

रोहिणी आली, तिनं मोरूला उठवलं, आकडा वाचला आणि मला विचारते, "आई, टोपलीचं वजन काढलंत का यातनं?"

"ते का काढायचं? टोपलीशिवाय माठ उभा राहील का?"

"उभा नाय राहणार. पण मग कंपनीतल्या माणसांना टोपली पण शिजवून घालायला लागेल."

सून हसली की मला राग येतो, आणि माझंच बोलणं परत करून हसली की जास्त येतो. असो. सुरभे, लक्षात ठेव (म्हणजे लिहून ठेव) : आधी रिकामी टोपली ठेवायची, मोरूचं बटण दाबून त्याला सगळं विसरायला लावायचं, मग भाजी घालायची. विसरायचं काम आहे, तुला छान जमेल.

दुसरं. धुतलेला माठ निथळून मग ठेवायचा. ओला ठेवला तर पाण्याचे पैसे लागतात. तिसरं. माठ नुसता सोडला तर टोपली भरते, वरून हात फिरवला तर अर्धी होते. मी विचारलं, मग यातली खरी टोपली कुठली? रोहिणी म्हणाली, मोरूला दोन्ही सारख्याच. मला गंमत वाटली. जन्मभर मी डोळ्यानं भरलेली टोपली बघत होते. मोरू आंधळा आहे, त्याला नुसता भार कळतो.

११ जानेवारी, रविवार

मोरूला पिशवीत घालून पेणच्या बाजारात नेला. तिन्ही बुधवारी वाल-वांगंच करायचं ठरलंय : वालाच्या ओल्या शेंगा, वांगं, बटाटा, अंगाबरोबर रस. शेतावर मडक्यात शेंगा भाजायच्या पोपट्या लागायला लागल्यात, त्यामुळे शेंगांना भलता भाव. सगुणा भाजीवाली शेंगांचे वाटे लावून बसली होती. मी नेहमीसारखा सगळ्यात उंच वाटा उचलला आणि मोरू काढून खाली ठेवला.

सगुणा ओरडली, "ओ बायजाबाय, हे काय आणलंत? माझ्या वाट्यांना वजन-बिजन नाय हां! नजरेचा माल हाय."

"तुझी नजर तपासायला नाय आणला गो. नातीला सांगायचं हाय."

तर काय झालं, माझा उंच वाटा हलका निघाला. शेजारचा बसका, गरीब दिसणारा वाटा भारी. सगुणानं दोन शेंगा सोलून दाखवल्या. उंच वाट्यातल्या शेंगा फुगलेल्या पण आत दाणा पोरका. बसक्यातल्या दाण्यांनी टच्च.

सगुणा आधी घाबरली होती, मग तिला हसू आवरेना. "बायजाबाय, तुम्ही आल्या की कायम उंच वाटा उचलता. म्हणजे इतकी वर्सं..."

"पुढं बोलू नकोस."

"...हवा घरी नेलीत!"

बाजूची कोलम तांदूळवाली हसली, तिच्या बाजूचा मुळेवाला हसला. मी बसका वाटा घेतला, उंचही घेतला, कारण तोंडावर परत ठेवायला लाज वाटली. मोरूवर खरं तर राग यायला हवा. पण येताना एसटीत त्याची पिशवी मी मांडीवरच ठेवली.

घरी आल्यावर सगळं मोजून केलं. शेंगा मोजल्या, वांगी-बटाटा मोजला, मीठ-मसाला मोजला, पाणीसुद्धा मोजलं. शेंगा, वांगी, बटाटा मिळून आठशे ग्रॅम भाजी भरली. रोहिणीनं लिहून घेतलं. मग मोरूला झोपवलं, वालाला ओवा-लसणीची फोडणी दिली, भाजी टाकली, मीठ टाकलं, आल्यागेल्याची ओंजळ टाकली, वर झाकण, झाकणावर पाणी. सुरभीला फोन केला.

"किती माणसांना पुरते, आजी?"

"पाच. मी, तुझा बाप, तुझी आई, तुझा भाऊ आदर्श. आणि काळुराम."

काळुराम शेजारचा. बायको गेल्यापासून दुपारी आमच्याकडे 'सहज' येतो. कान्हू म्हणतो, आई, या घरात घड्याळ कशाला, काळुरामकाका आहेत.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाले. फोन दुपारपर्यंत आला नाही तेव्हाच मी ओळखलं.

सुरभी म्हणाली, "आजी, चव आवडली सगळ्यांना."

"बरं. आता 'पण' सांग."

"पण मीठ पुढे होतं. आणि भाजी पुरली नाय. मागच्या बाकावरच्या लोकांना नुसता रस वाढला."

"वाढणारा कोण होता? मोठ्या हाताचा असंल."

"मीच वाढत होते. आपल्या घरी वाढतो तेवढंच."

मग मी म्हटलं, तुमचं पुडीतलं मीठ बारीक, आमचं जाडं. चमच्यानं घातलंस तर फरक पडणारच. ती म्हणते, आजी, मी पण वजनच केलं. बारीक काय, जाडं काय, मोरूला सारखंच. माझाच धडा मला!

पन्नास माणसांना करताना तिनं सरळ दहापट केलं. आठशेचे आठ किलो. हिशोब चुकला नाही. रोहिणीनं कागदावर करून बघितला, आदर्शनं फोनवर, कान्हूनं बोटांवर.

मग चुकलं काय?

१६ जानेवारी, शुक्रवार

रोहिणी, हे पान सुरभीला वाचून दाखवू नकोस.

(आई, वही तिच्याचसाठी आहे ना? — रोहिणी)

हे पान सोडून.

मला आज भीती वाटते. भाजी मी सांगितली, मी मोजली, तिनं तश्शी केली, आणि ती खारट झाली. म्हणजे माझ्याकडेच खारट होत असणार आणि मला कळत नसणार. माझ्या सासूची जीभ शेवटी शेवटी गेली होती. आमटीत मुठीनं मीठ घालायची आणि आम्ही सगळे हुं की चूं न करता खायचो. मला वाटायचं किती चांगल्या सुना आपण. आता वाटतं, माझ्या घरातपण तसंच चांगलं चाललंय की काय.

म्हणून आज तीच भाजी पुन्हा केली. मोरूला साक्षीला बसवून मोजली. फोडणी, भाजी, मीठ, आल्यागेल्याची ओंजळ, झाकण. कान्हूला विचारलं, मीठ कसं? म्हणाला, बरोबर. तो बापासारखा, भाजी म्हणजे भाजी. त्याच्या साक्षीला किंमत नाही. रोहिणीला विचारलं. ती म्हणाली, बरोबर. ती सून, तिच्याही साक्षीला नाही. शेवटी काळुराम आला.

"काळुराम, खरं सांग, मीठ कसं झालंय?"

तो घास तोंडातच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "काय वयनी? आज विचारताय?"

"सांग तू."

"बरोबर हाय. रोज असतं तसं."

"आणि खारट असतं तर सांगितलं असतंस?"

काळुरामनं घास गिळला. "नसतं सांगितलं," म्हणाला, आणि दुसरी भाकरी घेतली.

२१ जानेवारी, बुधवार

दुसरा बुधवार. मी सुरभीला सांगितलं होतं, मीठ कमी कर, पाणी वाढव, म्हणजे पुरेलही. तिनं तसं केलं.

आता म्हणे भाजी मिळमिळीत. मीठ बेताचं, पण वालाचा वास नाही, अंगाबरोबर रस नाही. पाण्यात पोहणाऱ्या शेंगा. आणि पुरली तर नाहीच, कारण पाणी ताटात भाजी होत नाही. किमया मॅडम वाईट नाही बाई, तिनं जवळ बसवून सांगितलं म्हणे : "सुरभी, मागच्या वेळची चव बरी होती, पण मला दर वेळी वेगळी भाजी चालणार नाही. पुढचा बुधवार शेवटचा. नागोठण्याचा एक जण थांबलाय."

हे सांगताना सुरभी फोनवर हसत होती. अधूनमधून नाक ओढत होती. मी विचारलं, सर्दी झाली का गो? म्हणाली, नाय आजी, रोह्यात धूर फार. थंडीत धूर खाली बसतो हे खरं आहे. तिला हळद घालून दूध घ्यायला सांगितलं.

फोन ठेवल्यावर रोहिणी मोरी धुवायला गेली आणि बराच वेळ धूत राहिली.

२२ जानेवारी, गुरुवार

आज माघी गणपती. रोहिणीचे हात रंगानं माखलेत, ती म्हणते दोनच ओळी.

पहिली : देवाला म्हटलं, माझी जीभ गेली असेल तर जाऊ दे, पोरीचं काम जाऊ देऊ नकोस. दुसरी : मोदकाला मीठ चिमूटभर लागतं, ते मी घातलं, आणि ते बरोबर होतं.

२७ जानेवारी, मंगळवार, रोहे

(मी सुजय. आजी फार वेगानं सांगते. काही राहिलं तर माफी.)

माफी कसली मागतोस, बाजूला सरकून बस, उजेड येऊ दे.

मी रोह्याला आले. कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी उठले, मोरू आणि ही वही पिशवीत घातली आणि कान्हूला म्हटलं, पेणला स्टेशनवर सोड, वाटेत सगुणाकडून बसके वाटे घेऊ. त्यानं विचारलं, कशाला? म्हटलं, मोरूला हवापालट.

सुरभीची खानावळ मी फिरून बघितली. एका ओळीत पांढरे डबे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, ओटा असा की आमचं देवघर लाजेल. चिरलेली भाजी थाळ्यांमध्ये मांडलेली, प्रत्येक थाळा मोजून. मला वाटलं होतं पोरगी गोंधळ घालत असेल. पोरगी काही गोंधळ घालत नव्हती. म्हणजे गोंधळ माझाच.

मी म्हटलं, "पन्नासाचं नको. घरचं कर, आठशेचं. तू नुसतं मोजून दे, शिजवते मी. आज तू चाखायचं आणि खरं बोलायचं. काळुरामसारखं नाय."

तिनं आठशे ग्रॅम मोजून टोपलीत भरलं. तिच्या मोरूवर आणि माझ्या मोरूवर, दोघांवर मोजलं. दोघं एकमेकांना धरून होते. मीठ-मसाला मोजून वाटीत दिला. पदर खोचला, फोडणी दिली. भाजी टाकली. मीठ टाकलं. टोपलीत हात घातला.

हात तळाला लागला.

नखं टोपलीच्या कामट्यांवर खरखरली, तो आवाज अजून कानात आहे. मी दुसरा हात घातला. रिकामी. मी वळून म्हटलं, "सुरभे, भाजी कुठाय?"

"सगळी टाकलीस ना आजी."

"ही नव्हे. आल्यागेल्याची."

"ती कुठली?"

सुजयच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच थांबला. मी सांगितलं. अगं, घरचं मीठ पडलं की टोपलीत उरलेल्या भाजीतली एक ओंजळ वर टाकायची. आल्यागेल्याची. कोणी उंबऱ्यात आला तर त्याला 'थांब, बघते' म्हणायला लागू नये. माझ्या सासूची रीत, तिच्या सासूची रीत. मीठ म्हणूनच हाताला जरा चढं पडतं, पुढे ओंजळ यायची असते.

"आजी! मग हे सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? भाजी करताना पदर खोचायचा हे सांगितलं का मी?"

"पण मोरूवर ठेवली नाहीस!"

"घरची भाजी मोरूवर ठेवली. आल्यागेल्याची कशी ठेवणार? पावण्याचं मोजतात का कुठं?"

ती मटकन खालीच बसली आणि हसायला लागली. मला वाटलं धूर लागला पुन्हा, कारण डोळ्यांतून पाणीही येत होतं. मग हसता हसता एकदम थांबली. "आजी, तू पाच माणसं म्हणालीस. काळुरामकाका धरून."

"व्हय."

"म्हणजे काका जेवणाऱ्यांत धरले..."

आणि मला दिसलं. काळुरामला ताटात धरला आणि टोपात धरलाच नाही! त्याची भाजी त्या ओंजळीत होती. पाच जणांचं मीठ, पाच जणांची तोंडं, आणि भाजी चौघांची. म्हणून खारट, म्हणूनच अपुरी. माझी जीभ जागेवर आहे. हे ठळक लिही सुजय. जीभ जागेवर आहे.

(ठळक लिहिलं. — सुजय)

आणि आता तुझं ऐक, सुरभे. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा ती ओंजळ तूच टाकायचीस. मी तुला कडेवर घ्यायची, तुझ्या हातावर शेंगा ठेवायची, तू 'आलागेला, आलागेला' म्हणत टोपात टाकायचीस आणि अर्ध्या चुलीत पाडायचीस. तेही विसरलीस! तू विसरलीस म्हणून तुला बोलायला मी मोकळी. मी विसरले नव्हते. माझ्या हाताला माहीत होतं, त्यानं तोंडाला कधी सांगितलंच नाही.

मग ओंजळ मोजायला काढली. माझी ओंजळ मोरूवर ठेवली : मोरू बोलला दोनशे. ती नोट मी ओळखली! सुरभीची ओंजळ ठेवली, बरीच कमी. सुजयची ठेवली, भलतीच जास्त, ओंजळ कसली, ते सूप. वाद झाला, खरी कुणाची? सुरभी म्हणाली, भाजी तुझी, ओंजळ तुझी. आठशे आणि दोनशे, हजार. पन्नासाला दहा किलो.

ती लिहायला लागली तेवढ्यात मी म्हटलं, थांब. ही ओंजळ काळुरामची झाली. तो रोज येतो, म्हणजे तो आता घरचा. आलागेला अजून यायचाच आहे.

सुरभीनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे अजून एक ओंजळ?"

"मोठ्या टोपाला ओंजळ पुरत नाय. लग्नाच्या टोपाला आम्ही सूपभर टाकायचो. तुझ्या पन्नासाला किती, ते तू काढ, शिकलीस कशाला?"

तिनं काढलं. त्याचं मीठही काढलं, मसालाही काढला. सगळं वजनात. आणि डब्यावर चिठ्ठी लावली. सुजय, काय लिहिलंय ते वाच बघू.

(आल्यागेल्याची — १ किलो. — सुजय)

२८ जानेवारी, बुधवार, रोहे

सुजय पाळीवर गेला. आज लिहिणारी सुरभीच. हिला लिहायला लावायचा मोठा फायदा, आपण काय सांगितलं ते हिला एकदा तरी ऐकावं लागतं.

(ऐकतेय आजी. — सुरभी)

मी कँटीनला गेले नाही. घरी बसून मोरूचं बटण दाबत राहिले, तो जागा झाला की शून्य दाखवायचा, मी म्हणायची, बरं, अजून काही कळलं नाही.

दुपार कलल्यावर ही आली. चेहरा असा की काही कळू देईना. आईवर गेलीय. म्हणाली, "आजी, भाजी वाढायला घेतली आणि मुंबईहून हापिसातली माणसं आली. न सांगता. चौघं."

मी मोरू बाजूला सारला. "मग?"

"किमया मॅडम धावत आत आल्या. म्हणाल्या, सुरभी, काहीतरी कर, आता यांना काय देऊ? मी म्हटलं, ताटं मांडा."

चौघं जेवले. मागच्या बाकावरचे जेवले. भाजी संपली तेव्हा टोपाच्या तळाशी एका माणसापुरती उरली होती, ती किमया मॅडमनं उभ्याउभ्या खाल्ली. मीठ? त्यातल्या एका टकल्या साहेबांनी रस पिऊन वाटी पालथी घातली म्हणे. आता यावर मिठाची वेगळी साक्ष कशाला?

मग मॅडमनं हिला विचारलं, "पाहुणे येणार हे तुला कोणी सांगितलं होतं?"

ही म्हणाली, "कोणी नाही मॅडम. ते वजनात धरलंय."

काम हिचं झालं. एका वर्षाचं. पुढच्या महिन्यापासून. मी म्हटलं, आता पुन्हा सांग, भाजीला किती ओंजळी? ही वही उघडायला गेली! मी वही ओढून घेतली. तोंडानं सांग! तिनं सांगितलं. बरोबर सांगितलं. मग रडायला लागली, आणि या वेळी धूर नव्हता, खिडक्या बंद होत्या. मलाही जरा लागला.

(दोघींनाही लागला. — सुरभी)

ते खोड.

१ फेब्रुवारी, रविवार

घरी आले. काल सगुणाला बातमी सांगितली, तिनं बसका वाटा दिला आणि वर एक मूठ टाकली. मी म्हटलं, ही कशाची? म्हणाली, हवेची भरपाई.

काळुरामला सगळं सांगायचं नव्हतं, पण रोहिणीनं सांगितलं. तो दुपारी ताटावर बसला आणि जेवेचना. म्हणाला, "म्हणजे वयनी, इतकी वर्सं मी आल्यागेल्याचं खात होतो?"

"खात होतास. आता नाय."

"ओंजळ बंद?"

"बंद नाय रे. तुझं पद वाढलं. तू आता वजनात आलास. आजपासून टोपात हजार, घरच्या पाच माणसांचे. आल्यागेल्याची वेगळी."

त्यानं भाकरी मोडली, एक घास खाल्ला. मग म्हणाला, मीठ आज बरोबर हाय. मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी तो आपल्या शेतातले पांढरे कांदे घेऊन आला, माळ बांधलेली, दारात टांगून गेला. रोहिणी म्हणते, मोजू या का? मी म्हटलं, माणसाला इतकं पण मोजत नाहीत.

आता सुरभे, ही वही सुजयबरोबर तुझ्याकडे पाठवते आहे. मोरू मात्र माझ्याकडेच राहील, त्याला इथली सवय झाली. तू वही जपून ठेव, म्हणजे कुठे ठेवलीस ते विसरशील, म्हणजे मला पुन्हा फोन करशील, म्हणजे बरं.

आणि येत्या रविवारी सुजय येईल त्याच्याबरोबर वाल-वांगं पाठव, तुझ्या हातचं. भाकरी नको, त्या इथे गरम करू. मोठा पितळी डबा तुझ्याकडेच आहे, लग्नात दिलेला. पाचजणांचं वजन करून भर, तेवढ्यानंच तो काठोकाठ होतो, आणि मग मोरू-बिरू बाजूला ठेवून तुझ्या हाताची एक ओंजळ वर टाक. डबा फडक्यात बांधून पाठव. झाकण नीट लागलं, तर मी समजेन की विसरलीस.